कुत्रीच्या पायाला तेल

कुत्रीने माझा उजवा हात मनगटाच्या वर धरला आणि सोडेना. मी तिचा मागचा डावा पाय गुडघ्यात दुमडून पोटाकडे नेला होता आणि तिथून बाहेरच्या बाजूला ताणत होते. खुब्यातून खट् असा आवाज आला आणि त्याच वेळी दात लागले. हाताला तिळाचं तेल होतं, त्यामुळे दात घसरले आणि जखम लांब झाली. ती गुरगुरली नाही. मी पाय सोडला, तेव्हा तिने हात सोडला.

मी ओरडले असेन, कारण सून स्वयंपाकघरातून धावत आली. तिला सातवा महिना होता, धावायचं नव्हतं. तिला रक्त दिसलं. तेलाची वाटी मी पायाने दाराच्या मागे सारली होती.

"काय झालं आई?"

"तिची ताटली उचलत होते. धरलं."

ताटली खरंच तिथे कोपऱ्यात होती. इतकं सरळ खोटं मी त्याआधी घरात कधी बोलले नव्हते. तोंडातून ते आपोआप निघालं.

कुत्री मागे सरकायला बघत होती. फरशी सकाळीच पुसलेली, कोटा दगडाची, गुळगुळीत. तिचे मागचे दोन्ही पाय बेडकासारखे दोन बाजूंना फाकले आणि ती पोटावर बसली ती तशीच राहिली. पुढच्या पायांनी ओढत ओढत ती दिवाणाखाली गेली. सुनेने पोटावर हात ठेवला आणि भिंतीला चिकटून उभी राहिली. कुत्रीला ती त्याआधी कधी घाबरली नव्हती.

मुलगा पहिल्या पाळीवरून आला. कारखान्याचे कपडे न बदलता त्याने माझा हात नळाखाली साबणाने चोळून चोळून धुतला आणि मला दवाखान्यात नेलं. कुत्रीचं लसीकरण झालेलं होतं, तरी मला सुया घ्याव्या लागल्या. परत येताना स्कूटर बरखेड्याच्या चौकात थांबवून तो म्हणाला, "आई, आता बास. आधीच तिला चालता येत नाही, आता चावायला लागली. दोन महिन्यांनी घरात बाळ येणार. मी शनिवारी सुट्टी टाकतो आणि इंजेक्शन देऊन आणतो."

"देऊन आणतो म्हणजे?"

"म्हणजे आणणार नाही."

त्याने स्कूटर सुरू केली. मंगळवार होता.

ती कुत्री मला हवी म्हणून आली नव्हती. मुलाने हौसेने आणली, लॅब्राडॉर, दीड महिन्याची. तिचं नाव इंग्रजी ठेवलं. ते माझ्या तोंडात बसेना, मी तिला 'ए' म्हणायचे आणि ती यायची. दिवसभर घरात मी, म्हणून ती माझी झाली. चार-पाच महिन्यांची असताना ती मागचे दोन्ही पाय एकदम टाकून सशासारखी पळायची. आम्ही हसायचो. मग झोपून उठताना तिला वेळ लागायला लागला. दोन पायऱ्या चढायच्या तरी आधी माझ्याकडे बघायची. मुलगा म्हणाला, वाढतं वय आहे, होईल ठीक. मी म्हणाले, हाडं कच्ची आहेत.

कच्च्या हाडांचं मला कळतं, असं मला चाळीस वर्षं वाटत होतं. लग्न होऊन वर्धेकडून मी हिंदी मुलखातल्या या टाउनशिपमध्ये आले तेव्हा माझे यजमान कारखान्यात फिटर होते. आमच्या ओळीत आणि मागच्या दोन ओळींत कितीतरी मराठी मुली होत्या. सगळ्यांचे नवरे नोकरीवर आलेले, सगळ्यांचं माहेर एक रात्र दूर. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, दुसऱ्याला कोण पाठवतं? बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला कोणी नसायचं. मला माझ्या आजीने शिकवलेलं होतं. मी एकीचं केलं, मग दुसरीने बोलावलं. मी चौथी शिकलेली बाई, पण इंजिनिअरांच्या बायका माझी वाट बघत बसायच्या. पाय लांब करून बसायचं, बाळाला पायांवर घ्यायचं, तेल जिरवायचं, हात-पाय एकमेकांवरून ओढायचे, मांड्या पोटावर दाबायच्या, बाहेर ताणायच्या, शेवटी घोटे धरून उलटं टांगायचं. मग दोन्ही पाय सरळ जुळवून दुपट्यात घट्ट बांधून टाकायचं. बाळ रडून रडून झोपायचं आणि आई म्हणायची, काकू, तुमच्या हाताला गुण आहे. बाळाच्या बारशाला मला खण-नारळ मिळायचा आणि पहिल्या पंगतीला बसवायच्या.

तर कुत्रीची हाडं कच्ची, म्हणून मी डिंकाचे लाडू सुरू केले. लाडू सुनेसाठी म्हणून केलेले होते, डिंक, खारीक, खोबरं, गूळ, भरपूर तूप. मुलगा कामावर गेला की सकाळी एक आणि संध्याकाळी एक. शिवाय साजूक तूप घातलेला भात. ती फुगली. मला वाटलं, अंग धरते आहे. दीड महिना लाडू झाले तरी पाय तसेच, उलट वाईट, म्हणून तेल सुरू केलं. पहिल्या दिवशी ती निमूट पडून राहिली. दुसऱ्या आठवड्यात मला तेलाची वाटी हातात घेऊन येताना पाहिलं की दिवाणाखाली जायची. मी तिला तिथून ओढून काढायचे. बाळंही रडतात, म्हणून काय कोणी तेल लावायचं सोडतं? असा माझा हिशेब. तोवर ती दहा महिन्यांची झाली होती.

मंगळवार ते शनिवार मी गप्प बसले. कुत्री चावरी आहे म्हणून मरणार होती, आणि ती चावरी नाही हे घरात मला एकटीला माहीत होतं. सांगितलं असतं तर काय झालं असतं, तेही माहीत होतं. सुनेची आई नव्हती. ती बाळ माझ्या हातात देणार होती. आल्यागेल्याला सांगायची, आमच्या सासूबाईंनी अख्ख्या टाउनशिपची मुलं न्हाऊ घातलीत. जे हात कुत्रीला असं करू शकतात, त्या हातांत ती बाळ देईल का? मी तिच्या जागी असते तर दिलं नसतं. त्या चार दिवसांत मी कुत्रीला पाणी दिलं, तिच्याखालचं ओलं फडकं बदललं, आणि बोलले नाही. तिने माझा बांधलेला हात चाटला तेव्हा मी तिला ढकललं.

शनिवारी मुलाने तिला चादरीत घालून रिक्षात ठेवलं. सून म्हणाली, मी पण येते, मी घरात एकटी बसणार नाही. नेहरू नगरच्या बाजूला एक दवाखाना होता, डॉक्टर तरुण बाई. मुलाने फोनवर तिला इंजेक्शनचं सांगितलंच होतं. ती म्हणाली होती, पहले मैं देखूँगी.

तिने कुत्रीच्या तोंडाला पट्टी बांधली नाही. सुती मोजा चढवावा तसा हात हळूहळू तिच्या पाठीवरून खुब्यावर आणला आणि दाबला. कुत्री कण्हली. तिने दुसरा खुबा दाबला. कुत्रीने मान वळवली, तिच्या हाताला नाक लावलं आणि परत खाली ठेवली.

"काटती कहाँ है?" डॉक्टर म्हणाली. "मैंने इतना दबाया, मुझे तो नहीं काटा."

"माँ को काटा ना," मुलगा म्हणाला. "प्लेट उठा रही थीं."

डॉक्टरने माझ्या हाताकडे पाहिलं. "अम्मा, काटा तब आप क्या कर रही थीं?"

इतकंच विचारलं. ताटलीचं मी पुन्हा म्हणू शकले असते. टेबलावर कुत्रीची लाळ पडत होती आणि ती माझ्याकडे बघत होती, पण तिच्या बघण्याने मी बोलले असं मी म्हणणार नाही. मला डॉक्टरची भीती वाटली. तिला कळलं आहे असं वाटलं.

"मालिश कर रही थी," मी म्हणाले. "पैर खींच रही थी. बच्चों का करते हैं वैसे."

"कितने दिन से?"

"महिना झाला. एक महीना."

"और खाने में?"

"लाडू. डिंकाचे. गोंद के."

मुलगा माझ्याकडे वळला. "आई, तू कुत्रीला डिंकाचे लाडू देत होतीस?"

"रोज दोन."

"मला एक नाही मिळाला."

"तुला काय झालंय? तुला चालता येतं."

सून खुर्चीवरून म्हणाली, "आणि मला वाटायचं डबा मीच संपवतेय. मी लाजेने मागणं सोडलं."

डॉक्टर हसली नाही. तिने कुत्रीला गुंगीचं इंजेक्शन दिलं. मुलाला वाटलं हेच ते, तो बाहेर जाऊन उभा राहिला. मी तिथेच बसून राहिले. डॉक्टर म्हणाली, फोटो काढायचा आहे, हलली तर येणार नाही. एक्स-रे आला तेव्हा तिने मुलाला आत बोलावलं. एका हाताची मूठ केली आणि दुसऱ्या हाताच्या खोलगट तळव्यात बसवली. असं असायला पाहिजे, म्हणाली. मग तळवा सपाट केला, त्यावर मूठ घसरायला लागली. हिची वाटी उथळ आहे आणि हाडाचा गोळा त्यात बसतच नाही, नुसता कडेला घासतो. जन्माचंच असतं, आई-बापाकडून येतं, या जातीत बरंच दिसतं. वाढत्या वयात जेवढं वजन जास्त, तेवढा तो गोळा बाहेर येतो. चौतीस किलो वजन आहे, पंचवीस-सव्वीस पाहिजे होतं. गुळगुळीत फरशीवर पाय फाकतात, आणखी बाहेर येतो. आणि ओढला की—

ती थांबली. म्हणाली, "अम्मा, ये आपने नहीं किया. पर आपने बढ़ाया."

मी विचारलं, "इन्सान के बच्चे को होता है ये?"

"होता है. जनम से भी होता है. इसीलिए अब बच्चों के पैर सीधे बाँधने को मना करते हैं."

सून माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघितलं नाही. मला आमच्या मागच्या ओळीतली एक मुलगी दिसत होती. तिला मी तीन महिने तेल लावलं होतं, बांधलं होतं, टांगलं होतं. ती उशिरा चालायला लागली आणि चालली ती एका बाजूला झुकून. तिची आई म्हणायची काकू, ही अशी का चालते? मी म्हणाले होते, नखरे आहेत, दुर्लक्ष कर. पुढे तिचं मुंबईला ऑपरेशन झालं असं ऐकलं, मग त्यांची बदली झाली. ती तशीच जन्मली होती की माझ्या हातांनी झालं, हे मला डॉक्टरला विचारता आलं असतं. तिने त्या मुलीला पाहिलेलं नव्हतं, तीही काय सांगणार. मी विचारलं नाही. मला उत्तर नको होतं.

डॉक्टरने इंजेक्शन द्यायला नकार दिला नाही. म्हणाली, दुखणं असंच राहिलं तर मी स्वतः सांगेन, आता इंजेक्शन देऊ म्हणून. पण आधी दोन महिने द्या. तीस किलोवर आणा. दुखण्याचं औषध जेवणानंतर, मी लिहीन तेवढंच. आणि घरातली गुडघेदुखीची गोळी चुकूनसुद्धा द्यायची नाही, आतडी फाटतील. दिली आहे का, असं तिने मला विचारलं. ती मी दिली नव्हती. तेवढी एकच गोष्ट मी केली नव्हती.

रिक्षात सून म्हणाली, "आई, बाळाला तुम्ही तेल लावायचं नाही."

"बरं."

"राग नका धरू."

"राग नाही. गप्प बस आता."

मुलगा पुढे बसला होता. मागे न वळता म्हणाला, "दोन महिने. त्यानंतर माझ्याशी वाद घालायचा नाही."

मग जे दोन महिने गेले तसे माझ्या यजमानांच्या शेवटच्या आजारातही गेले नव्हते. त्यांच्या वेळी निदान मला काय करायचं ते दुसरं कोणीतरी सांगत होतं. मी चक्कीवाल्याकडून गव्हाची रिकामी पोती आणली, उसवली आणि दाभणाने जोडून दिवाणापासून अंगणापर्यंत अंथरली. फरशी दिसायची बंद झाली. पाहुणे म्हणायचे, घर की गोदाम? सुनेच्या बाळंतपणानंतर पोट बांधायला मी जुन्या सुती लुगड्याच्या लांब पट्ट्या फाडून ठेवल्या होत्या. त्यातली एक कुत्रीच्या पोटाखालून घालून दोन्ही टोकं हातात धरायची आणि मागचं अंग तोलत तिला अंगणात न्यायचं. पाच मिनिटं मातीवर चालवायचं, परत आणायचं. दिवसातून पाच वेळा. माझा हात भरला नव्हता, जखम ओढायची. पायऱ्या नाहीत, चेंडू नाही, उडी नाही. सकाळी खुब्यावर कोमट शेक, पण ओढायचं नाही, दाबायचं नाही. नुसता हात ठेवायचा. मला ते जमेना. हात ठेवला की बोटं आपोआप दाबायला लागायची.

आणि भूक. मोजून दिलेलं खाणं ती चार घासांत संपवायची आणि ताटलीसकट माझ्या मागे यायची. ओढत यायची. मी जेवायला बसले की समोर बसून लाळ गाळायची. मी भिंतीकडे तोंड करून जेवायला लागले.

पंधरा दिवसांनी मुलाने तिला स्कूटरवर पुढे ठेवून चक्कीवर नेलं, मी चालत गेले. पोत्यांच्या काट्यावर तिला चढवलं.

चक्कीवाला म्हणाला, "अम्मा, मोटा पीसूँ या बारीक?"

"तुझ्यासारखं जाड नको," मी मराठीत म्हणाले. त्याला कळलं, तो हसला. काट्याने साडेतेहतीस दाखवले. पंधरा दिवस उपाशी ठेवून अर्धा किलो. मुलगा तिला उचलून घेऊन गेला. मी चक्कीच्या बाकावर बसून राहिले. पीठ उडत होतं आणि मला वाटलं, झालं, हे होणार नाही. आपण हिला रोज भुकेने छळतोय आणि शेवटी सुई द्यायचीच आहे. मग आजच का नाही?

त्या आठवड्यात ती उठायचीच बंद झाली. पट्टी घातली तरी मागचं अंग उचलेना, माझ्याच अंगात तेवढी ताकद नव्हती. दोन दिवस तिने पोत्यावरच केलं. मी धुतलं. एका दुपारी मी न्हाणीघरातून बाहेर आले तर सून खाली वाकून दिवाणाखाली हात घालत होती. हातात पोळी, गूळ लावलेली.

"कधीपासून?" मी विचारलं.

ती रडायला लागली. "पहिल्या दिवसापासून. तिच्याकडे बघवत नाही हो आई. मला भूक लागली की मी खाते ना."

"तुला तर तिची भीती वाटत होती."

"वाटतेच. टाकते आणि पळते."

"तिला मारायचं असेल तर सुईने मारू दे त्याला. तू पोळीने मारू नको."

ती दुखावली. दिवसभर बोलली नाही. मलाही वाईट वाटलं, पण बोलले ते खरं होतं. आणि मी कोण बोलणारी? रात्रीच्या जेवणाआधी मी तिच्याजवळ जाऊन म्हणाले, मी लाडू दिले, तू पोळी दिलीस, दोघी सारख्याच. आता दोघींनी मिळून बंद करू. काकडी देऊ, दुधी उकडून देऊ, डॉक्टरने चालेल म्हटलंय. ती म्हणाली, मी दुधी चिरून देते, वाकवत नाही, घालायचा तुम्ही.

डॉक्टरला फोन केला. तिने औषध बदललं आणि म्हणाली, घाबरू नका, उठवत राहा, पडू देऊ नका. घाबरू नका म्हणणं सोपं. मुलगा कॅलेंडरकडे बघायचा आणि मी त्याच्याकडे बघायचे. तिसऱ्या दिवशी तिने पट्टी न घालता पुढचे पाय ताणले, मागचं अंग उचललं, आणि पडली. परत उचललं. पोत्याच्या सुतात नखं अडकवून ती उभी राहिली. आम्ही दोघी तिथे होतो. हलायचीही भीती वाटत होती.

पाचव्या आठवड्यात बत्तीस. सातव्यात एकतीसला थोडं कमी. दोन महिने भरायला सहा दिवस होते तेव्हा सुनेला कळा सुरू झाल्या आणि मुलगा तिला घेऊन हॉस्पिटलमध्ये गेला. घरात मी आणि कुत्री. मी तिला दोरी लावली, पट्टी खांद्यावर टाकली, आणि चक्कीकडे निघाले. घरात बसवत नव्हतं. कॉलनीच्या कच्च्या वाटेने, थांबत थांबत, तीन वेळा बसलो. ती लंगडत होती. डावा पाय कमी टेकवायची, पण टेकवायची. पट्टी मला एकदाही घालावी लागली नाही. चक्कीवाल्याने काट्यावर फळी तिरपी लावून दिली, ती स्वतः चढली. एकोणतीस किलो आठशे.

मुलाचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. मुलगी झाली, दोघी ठीक, म्हणाला. मी म्हणाले, कुत्री चक्कीपर्यंत चालत आली. तो म्हणाला, "परत रिक्षाने या."

बाळाला तेल सुनेनेच लावलं, दवाखान्यातल्या नर्सने दाखवलं तसं, वरवर, पाय मोकळे सोडून. मी शेजारी बसून टॉवेल धरायचे. पुढच्या वर्षी कुत्रीच्या डाव्या खुब्याचं ऑपरेशन झालं, कारण वजन उतरलं तरी तो पाय दुखतच राहिला. त्यानंतरही ती थंडीत लंगडते आणि पायऱ्या चढत नाही.

ती आता सहा वर्षांची आहे. जिवंत आहे.